दश्शीवर घेतलेला कॉल



मागच्या बाकावर रमी खेळताना पकडली गेलेली मी आज माइकवरून पोकरबद्दल बोलतेय. बाईंनी माफ करावं.

स्टू अंगर आणि १९९०चा विश्वविजेता मन्सूर मतलुबी यांचा एक डाव प्रसिद्ध आहे. टेबलावर दोन तिर्र्या, सत्ती, राजा, राणी. अंगरच्या हातात दश्शी-नव्वी, म्हणजे काहीच नाही. मतलुबीनं उरलेले ३२ हजार डॉलर लावले. 'तुझ्याकडे चौकी-पंजी किंवा पंजी-छक्की आहे,' असं म्हणत अंगरनं कॉल केला. निघाली चौकी-पंजी, दश्शी जिंकली. समोर नुसता गुलाम असता, तर हाच अंगर वेडा ठरला असता. पण सीक्वेन्स जुळला नाही म्हणून हा ब्लफ करतोय, हे त्यानं आधीच्या खेळावरून ताडलं होतं. ते ताडणं तेव्हाही तेवढंच बरोबर राहिलं असतं.

मी मात्र एकदा निकालच बघितला. रिलीजच्या रात्री सर्व्हर पडला आणि टीममधल्या सगळ्यांत धाकट्या मुलीचा निर्णय मी सर्वांदेखत मूर्खपणाचा ठरवला. त्या क्षणी तिच्यासमोर काय दिसत होतं, ते लॉग मी महिन्यानं वाचले. मीही तेच केलं असतं. तोवर ती नोकरी सोडून गेली होती.

बाई, तुम्ही उत्तर चुकलं तरी रीतीचे गुण द्यायचात. परवा तिला फोन केला. उचलला नाही. उद्या परत करणार आहे.