तासाची सायकल



मला शहरातल्या भाड्याच्या सायकलींबद्दल बोलायला सांगितलंय. पण मुरूडमध्ये बसून बेलापूरच्या गोष्टी किती सांगणार? म्हणून सुरुवात घरातून करते. अब्बा सांगतात, त्यांच्या लहानपणी सायकलच्या दुकानात तासावर सायकल मिळायची. वहीत नाव लिहायचं आणि हाफ पायडल मारत सुटायचं. ॲप नाही, डिपॉझिट नाही. दुकानदार सगळ्यांच्या बापाला ओळखायचा, तेच डिपॉझिट. फुफीला विचारलं, तू घ्यायचीस का? ती हसली फक्त.

मी बेलापूरला नोकरीला लागले तेव्हा स्टेशनपासून ऑफिस दोन किलोमीटर होतं. चालायला लांब, रिक्षावाले यायला तयार नाहीत. नवी मुंबई महापालिकेने 2018 च्या अखेरीस युलूच्या सायकली आणल्या होत्या. मोबाइलवर कोड स्कॅन करायचा, कुलूप उघडायचं, दहा मिनिटांत ऑफिस. संध्याकाळी ती सायकल दुसऱ्या कुणाकडे. माझ्यासाठी मोठी गोष्ट निराळीच होती. सायकल विकत घेण्यासाठी घरात कुणाला विचारावं लागलं नाही.

आपल्याकडे घरात एक मोटारसायकल असते आणि ती भावाची असते. राजपुरीच्या मुलीला कॉलेज, क्लास, दवाखाना यांसाठी मुरूडला यायचं तर चार-पाच किलोमीटर. शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबा, नाहीतर भावाला फोन करा. आठवीनंतर माझी सायकल "आता मोठी झालीस" म्हणून चुलतभावाकडे गेली. बिहार सरकारने 2006 साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी पाहिलं, तर शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण चांगलंच वाढलं होतं, आणि जास्त फायदा झाला तो शाळा लांब असलेल्या गावांत.

आता फसलेल्या प्रयोगांचंही सांगायला हवं. ॲम्स्टरडॅममध्ये 1965 साली काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली रस्त्यावर बिनकुलपाच्या ठेवल्या, कुणीही घ्या म्हणून. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण बिनकुलपाची सायकल ठेवणं कायद्यात बसत नव्हतं! पुण्यात 2017 च्या डिसेंबरमध्ये महापालिकेने मोठ्या उत्साहात योजना सुरू केली, बऱ्याच कंपन्या आल्या. ओफो तर 2018 मध्येच देश सोडून गेली. सायकली मोडल्या, चोरीला गेल्या, फुटपाथवर पडून राहिल्या. माझ्याच बाबतीत एकदा एका ॲपने कुलूप लागल्याचं मानलंच नाही आणि रात्रभर पैसे कापत राहिलं. तक्रार ऐकणारा माणूस नव्हता, नुसता एक फॉर्म होता.

मैसूरमध्ये मात्र 2017 पासून ट्रिन ट्रिन नावाची योजना सुरू झाली, सुमारे साडेचारशे सायकली, ठरलेले स्टँड. सायकल स्टँडवरून घ्या, स्टँडवरच लावा.

आपल्याला साडेचारशे नकोत. दहा हव्यात. पाच एसटी स्टँडजवळ, पाच राजपुरीला. नंबरचं साधं कुलूप, एक वही आणि वही सांभाळणारा ओळखीचा माणूस. अब्बांच्या दुकानदारासारखा, फक्त मुलींनाही सायकल देणारा. आडवी दांडी नसलेल्या आणि चेनला पूर्ण झाकण असलेल्या घेऊ. बुरखा असो की ओढणी, अडकता कामा नये. एकदऱ्याचा पूल ओलांडल्यावर चढ लागतो, तिथे उतरून ढकलावी लागेल, मी ढकललीय. खाऱ्या हवेत चेन महिन्यात गंजते, म्हणून मिस्त्रीचा पगार आधी, नव्या सायकली नंतर. पुण्यात सायकली आणण्याचा गाजावाजा झाला, दुरुस्तीचा नाही.

"लोक काय म्हणतील" हा प्रश्न मघाशी मागून आला. म्हणतील. पहिले पंधरा दिवस मीही तिघीचौघींना बरोबर घेऊन जाणार आहे, एकटीला सोडणार नाही. मुलांनो, तुम्ही मोटारसायकलवरून मागे मागे "सोबत" करायला येऊ नका, एवढी कृपा करा.

दारातल्या टेबलावर वही ठेवलीय. आधी राजपुरीच्या मुलींनी नावं लिहा, आणि कुठल्या वेळेला सायकल लागते तेही. त्यावरूनच ठरेल की पहिली सायकल सकाळी सातला कुठल्या टोकाला उभी असायला हवी.