वार्ताहराचे संरक्षण : निर्भयता आणि सावधपणा

(नांदूरघाट, ता. केज, जि. बीड येथे ग्रामीण वार्ताहर व त्यांच्या कुटुंबीयांपुढे एका वकिलाने केलेले भाषण)



वृत्तपत्र म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकविण्याची गरज नाही. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांच्या प्रेरणेने 'मूकनायक' निघाला, त्या दिवसापासून आपण आपले दुःख आपल्या शब्दांत मांडू लागलो. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि 1956 साली 'प्रबुद्ध भारत' अशी ही परंपरा चालत आली. आज आपल्या वस्तीतील तरुण तालुक्याच्या पत्रात बातमी देतो, तेव्हा तो त्याच परंपरेतील एक पाऊल टाकीत असतो. परंतु ते पाऊल कोठे पडते, हेही त्याने पाहिले पाहिजे. आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांचे उदाहरण घ्या. तेथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादाविषयी ते सातत्याने लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 रोजी त्यांची एक बातमी प्रसिद्ध झाली आणि त्याच दिवशी महामार्गावर त्यांच्या दुचाकीला एका मोटारीने उडविले. दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. पोलिसांनी पुढे या प्रकरणात खुनाचे कलम लावले. त्यापूर्वी 11 जून 2011 रोजी मुंबईत पवई येथे ज्येष्ठ पत्रकार जे. डे यांना भर दिवसा गोळ्या घातल्या गेल्या; त्या खटल्यात 2018 मध्ये जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. या दोन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. दोघांवरही घाला पडला तो रस्त्यावर, दुचाकीवर आणि एकटे असताना.

आणि दूर कशाला जावे? आपल्या केज तालुक्यात मस्साजोगला 6 डिसेंबर 2024 रोजी पवनऊर्जा प्रकल्पाच्या जागेवर पहारेकऱ्याला मारहाण झाली. सरपंच संतोष देशमुख तेथे धावून गेले. अवघ्या तीन दिवसांनी, 9 डिसेंबरला, त्यांचे अपहरण करून खून करण्यात आला. ते पत्रकार नव्हते. परंतु भांडण आणि घात यांच्यामध्ये किती थोडे दिवस असतात, हे या प्रसंगाने आपणांस दाखवून दिले. तेव्हा पहिली धमकी ही थट्टा नव्हे, ती सूचना आहे, असेच समजून चालावे.

मग रोजच्या व्यवहारात काय करावे? बातमीसाठी बाहेर पडताना कोठे, कोणाकडे व किती वाजेपर्यंत जाणार, हे घरी आणि एका सहकाऱ्याला सांगून निघावे. ठरल्या वेळी निरोप आला नाही, तर काय करावयाचे, हेही आधीच ठरवून ठेवावे. वाळूच्या घाटावर, जमिनीच्या वादाच्या जागी वा मोर्चात एकट्याने जाऊ नये. गाडी परतीच्या तोंडाने उभी करावी. जमावाच्या मध्यभागी न शिरता कडेला, बाहेर पडण्याची वाट पाठीशी ठेवून उभे राहावे. रोज एकाच रस्त्याने, एकाच वेळी जाणे टाळावे. रात्री अनोळखी माणसाने 'पुरावा देतो' म्हणून बोलाविले, तर भेट दिवसा आणि चारचौघांत घ्यावी. भगिनी वार्ताहर असेल, तर सोबत मागणे हा तिचा कमकुवतपणा नव्हे, तो तिचा हक्क आहे. संकट आलेच, तर 112 हा क्रमांक घरातील लहान मुलालाही पाठ असावा.

दुसरे संरक्षण कागदाचे. काही वर्षांपूर्वी एक तरुण वार्ताहर माझ्याकडे आला. त्याला दूरध्वनीवरून तीन वेळा धमकी मिळाली होती. तारीख विचारली, सांगता येईना. संदेश विचारला, तर भीतीने पुसून टाकलेला. त्याचे म्हणणे खरे होते याविषयी मला शंका नव्हती. परंतु न्यायालयापुढे ठेवावयास माझ्या हाती काहीच नव्हते. म्हणून सांगतो, धमकीची तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी वहीत लिहावे. संदेश पुसू नये. ज्या फोनवर तो आला तो फोन जपून ठेवावा. कारण आजच्या पुराव्याच्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. छायाचित्रांची व टिपणांची दुसरी प्रत घराबाहेर, विश्वासू ठिकाणी असावी. फोनला कुलूप असावे, म्हणजे ज्याने आपल्याला बातमी दिली त्या गरीब माणसाचे नाव उघडे पडणार नाही.

तिसरे संरक्षण कायद्याचे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिताकुमारी खटल्यात दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्दीचे कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही आणि तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ठाण्यात दाद लागली नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे. तेथेही नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. पोचपावती घेतल्यावाचून कोणताही कागद हातचा सोडू नये.

महाराष्ट्र विधिमंडळाने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध 2017 साली स्वतंत्र कायदा मंजूर केला व तो 2019 मध्ये अंमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद वा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा असून गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तपास उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही. मात्र खोटी तक्रार करणाऱ्यालाही शिक्षा आहे. आणि एक उणीव ध्यानात घ्या : पत्रकारिता हाच ज्याचा मुख्य व्यवसाय व जो नियमित वा कराराने नेमलेला, त्याचाच हा कायदा विचार करतो. शेती वा मजुरी करून बातम्या देणारा खेड्यातील वार्ताहर या व्याख्येबाहेर राहण्याचा धोका आहे. म्हणून संपादकाकडून नेमणुकीचे पत्र लेखी मागा. तोंडी शाबासकी न्यायालयात चालत नाही.

आपल्या कुटुंबांत एक गैरसमज मी वारंवार ऐकतो : 'आम्ही बौद्ध झालो, आता अत्याचार प्रतिबंधक कायदा आम्हांस नाही.' हे साफ चूक आहे. 1990 साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन त्यात बौद्धांचा समावेश झाला. अनुसूचित जाती वा जमातीचा नसलेल्या इसमाने आपल्या वार्ताहरास जातीवरून छळले अथवा त्याच्या घरावर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घातला, तर 1989 चा तो कायदा लागू होऊ शकतो. 2015 च्या दुरुस्तीने पीडितास व साक्षीदारास संरक्षण मागण्याचा हक्कही दिला आहे. जातीचा दाखला व इतर कागदपत्रे मात्र नीट ठेवा.

शेवटी, या सर्वांहून मोठे संरक्षण म्हणजे खरी बातमी. ज्याच्याविरुद्ध लिहावयाचे त्याचे म्हणणे आधी विचारा व छापा. कोणाचा पैसा घेऊ नका. ऐकीव गोष्टीवर लिहिणारा वार्ताहर स्वतःच्याच हाताने स्वतःची ढाल फोडतो.

माता-भगिनींना माझी विशेष विनंती आहे. मुलगा बातमी लिहितो म्हणून त्याला अडवू नका. तो कोठे जातो एवढे मात्र विचारा. वकिलाचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. सावध राहणे म्हणजे भिणे नव्हे. उद्या पुन्हा लिहिता यावे, म्हणून आज सुखरूप घरी परतणे, हेही वार्ताहराचे कर्तव्यच आहे.

जयभीम.