आधी पाणी, मग बोलणी

श्रोतेहो, मराठीतला 'शी' हा शब्द मला फार गमतीचा वाटतो. लहान मूल करतं तीही 'शी', आणि ती पाहून मोठ्यांच्या तोंडून निघते तीही 'शी'च. वस्तूचं नाव आणि त्या वस्तूविषयीचं आपलं मत, दोन्ही एका अक्षरात उरकण्याची ही सोय मोठी आहे. ज्या घरात लहान मूल आहे तिथे हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. मुलाच्या जोडीला कुत्रं-मांजर असेल तर मग विचारूच नका.

आमच्या घरी दोन्ही आहेत. पहिलीतला नातू, मोती नावाचा कुत्रा आणि कुणाचीच नसलेली, पण जेवायला आमच्याकडे येणारी एक मनीमाऊ. त्यामुळे मी आज जे सांगणार आहे ते पुस्तकी कमी आणि फडक्याने पुसलेलं जास्त आहे.

मोतीला आठवड्यातून एकदा गंगेवर फिरायला न्यावं लागतं. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. बुधवारचा बाजार उठल्यानंतर काठावर सडका भाजीपाला पडलेला असतो, कधी एखादा मेलेला मासा असतो. आपण नाकाला पदर लावून पुढे जातो. मोती मात्र तिथे थांबतो, मान खाली घालतो आणि लग्नात अत्तर लावावं तशा थाटात त्या माशावर खांदा घासून लोळण घेतो. मग रिक्षावाला आम्हाला घेत नाही आणि आम्ही दोघं पायी घरी येतो. मनीमाऊचा प्रकार वेगळा. ती अंग चाटते, केस पोटात जातात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी खाकरत खाकरत केसांची ओली वळकटी बाहेर टाकते. त्यासाठी तिला फरशी चालत नाही. पाहुण्यांची चप्पलच लागते. आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मोती बैठकीच्या मधोमध येऊन ढुंगण टेकतो आणि पुढच्या दोन पायांनी स्वतःला सतरंजीवरून ओढत नेतो. पोहे खाणारी माणसं खाणं थांबवतात. कुणी काही बोलत नाही, पण 'शी' हवेत तरंगत असते.

आता गंमत अशी की, ज्या ज्या गोष्टींना आपण मोठ्याने 'शी' म्हणतो, त्यातल्या बऱ्याचशा निरुपद्रवी असतात. सकाळी उपाशीपोटी कुत्रं पिवळा फेस ओकतं, ते बहुधा पित्त असतं. जेवणाची वेळ थोडी बदलली की पुष्कळदा थांबतं. मांजराने अधूनमधून केसांची गुंडाळी टाकणं हे तिच्या स्वच्छतेचंच लक्षण. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन बाजूंना लहानशा ग्रंथी असतात, त्या तुंबल्या की तो सतरंजीवर घासतो. त्या मोकळ्या करणं हे प्राण्यांच्या डॉक्टरांचं दोन मिनिटांचं काम. व्यायलेली कुत्री पिल्लांची घाण चाटूनपुसून खाते, कारण तिला आपलं बिऱ्हाड स्वच्छ ठेवायचं असतं. आपल्या पोटात ढवळतं, पण तिच्या दृष्टीने ती केर काढत असते.

याला अपवाद आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर माझं बोलणं अर्धवट राहील. पिल्लू पुन्हा पुन्हा ओकत असेल, मलूल पडलं असेल, रक्तमिश्रित जुलाब होत असतील, तर तो पार्व्हो नावाचा विषाणू असू शकतो. तिथे 'उद्या बघू' चालत नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. एरवी रोजची ओक, लाळ, केस, ओल्या कुत्र्याचा वास, हे सगळं फडक्याने आणि फिनाइलने संपणारं आहे.

मग प्रश्न असा पडतो, की किळस ही चीज आपल्याला दिली कशाला? चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर एक पुस्तक लिहिलं. त्यात किळस आलेल्या चेहऱ्याचं वर्णन आहे. त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं तर कळतं, की माणूस तोंडातलं काहीतरी वाईट थुंकून टाकायच्या बेतात आहे. म्हणजे किळस हा आपल्या तोंडाशी बसवलेला पहारेकरी आहे. नासकं, कुजकं आत जाऊ नये यासाठी त्याची नेमणूक. पण या पहारेकऱ्याला फक्त वास कळतो आणि चिकटपणा कळतो. जे वासाचं नाही, चिकट नाही, त्याला तो सलाम ठोकून आत सोडतो.

एक उदाहरण सांगते. पिल्लाच्या विष्ठेतून जंतांची अंडी बाहेर पडतात. ताज्या विष्ठेतली ही अंडी लगेच रोग देत नाहीत, मातीत पिकायला त्यांना साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर विष्ठा वाळते, पावसाने विरते, दिसेनाशी होते. म्हणजे ज्या दिवशी आपण किंचाळून मुलाला उचलतो त्या दिवशी जंतांचा धोका जवळपास नसतो, आणि महिन्याने त्याच जागी ते मूल निर्धास्तपणे मातीची भाकरी थापत बसतं तेव्हा तो असतो. हात न धुता बोटं तोंडात गेली की अंडी पोटात. क्वचित ते जंत डोळ्यापर्यंतही पोचतात. उपाय साधा आहे. ताजी असतानाच कागदात उचलायची, पिल्लाला वेळच्या वेळी जंताचं औषध द्यायचं आणि खेळून आलेल्या मुलाचे हात साबणाने धुवायचे.

कबुतरांचंही तसंच. ओल्या विष्ठेला आपण नाक मुरडतो, आणि ती वाळून खडू झाली की कोरड्या झाडूने खुशाल झाडतो. खरा त्रास त्या कोरड्या धुळीचा. ती छातीत जाऊन काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा करते. २०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून एवढा गदारोळ झाला, तो याच कारणाने. बाल्कनी झाडायची तर आधी पाणी शिंपडा, तोंडाला फडकं बांधा. आणि पावसाळ्यातलं साचलेलं पाणी? गंगेला पूर आला, की दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं ते बघायला आपण सगळे पोराबाळांसह जातो. त्या पाण्यात उंदीर-घुशींचं, जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं. पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. पाणी गढूळ दिसतं, पण किळसवाणं वाटत नाही.

आपल्या या भागाने हा धडा फार महागात शिकलेला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला. भगूर आपल्यापासून काही कोसांवर. तिथे सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत १८९९ साली प्लेगनेच गेले. त्या काळी 'घरात उंदीर पडला' एवढे शब्द ऐकले की माणसं घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. पण माणूस मरतो तो नेमका कशाने? १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं, की उंदीर मेला, अंग गार पडलं, की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडतात आणि नवं ऊबदार अंग शोधतात. किळस उंदराची यायची आणि रोग द्यायची ती डोळ्याला जेमतेम दिसणारी पिसू. पहारेकऱ्याने ओरडून दिशा बरोबर दाखवली, चोर मात्र दुसऱ्याच खिडकीतून आला.

हे सगळं सांगून मी ज्या गोष्टीकडे येत होते ती आता सांगते.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीतला दुसरीतला एक मुलगा रस्त्यावरच्या पिल्लाशी खेळत होता. पिल्लू गोड, गुबगुबीत, शेपूट हलवणारं. खेळता खेळता त्याचा दात पोटरीला लागला. रक्ताचा थेंबही नाही, नुसता एक लाल ओरखडा. मुलगा घरी आला आणि काही बोलला नाही. तीन दिवसांनी आजी अंघोळ घालत असताना तिला तो दिसला. "सांगितलं का नाहीस रे?" तर म्हणाला, "चड्डीला चिखल लागला होता, आई ओरडली असती." त्याला दुसरीही भीती होती. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घेतात, असं त्याला मोठ्या मुलांनी सांगितलं होतं. आजीने त्याला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नेलं, लस सुरू झाली, सगळ्या मात्रा पुऱ्या झाल्या. मुलगा आज धडधाकट आहे आणि पूर्वीइतकाच मळतो.

पण त्या आजीला तो ओरखडा दिसलाच नसता तर?

श्रोतेहो, रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग. तो लाळेतून येतो. जखमेतून शिरलेला विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुतेक वेळा या प्रवासाला एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढा अवधी आपल्या हातात असतो. एकदा लक्षणं दिसली, पाणी पाहून घसा आवळू लागला, की मग जवळपास कुणीही वाचत नाही. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी नव्याण्णव टक्के कुत्र्यांपासून होतो, आणि संशयित जनावर चावलेल्यांत सुमारे चाळीस टक्के मुलं पंधरा वर्षांखालची असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता पुन्हा आपल्या पहारेकऱ्याकडे बघा. कुत्र्याने मुलाच्या धडधाकट कातडीवर तोंडभर लाळ फासली तर घर 'शी शी' करून दणाणून जातं. त्या लाळेने रेबीज होत नाही, हात धुतले की झालं. आणि तोच लालसर कोरडा ओरखडा कुणाला किळसवाणा वाटत नाही, म्हणून कुणी बघत नाही. फुटलेल्या कातडीला किंवा डोळ्या-तोंडाच्या आतल्या नाजूक भागाला लाळ लागली तर ती मात्र चावल्यासारखीच गंभीर धरायची.

मग करायचं काय? चावा असो की ओरखडा, नळाखाली धरायचा आणि वाहत्या पाण्याने, साबणाने पंधरा मिनिटं धुवायचा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. साधा अंगाचा साबणही चालतो. त्याने विषाणू मोठ्या प्रमाणात निकामी होतात आणि धुऊन निघतात. हळद, तिखट, चुना, तेल, कॉफीची पूड यांपैकी काहीही त्यावर लावायचं नाही, आणि जखम गच्च बांधायची नाही. मग डॉक्टरांकडे जायचं. 'दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवू, ते मेलं तर बघू,' असं म्हणत थांबायचं नाही. कुत्र्यावर लक्ष ठेवायचं, पण लस आधी सुरू करून. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेतच वेगळं औषध टोचावं लागतं. तेही मागून घ्यायचं. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत देतात.

आणि पोटातली ती चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली आहेत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस होती, २००५ च्या सुमारास ती आपल्या देशात बंद झाली. आता दंडात, महिनाभरात चार-पाच वेळा टोचतात, एवढंच. हे आपल्या घरच्या मुलांना आजच सांगा, म्हणजे कुणी मोठा मुलगा त्यांना घाबरवू शकणार नाही. घरच्या कुत्र्या-मांजरालाही दर वर्षी लस द्या.

मला वाटतं, घर किती स्वच्छ आहे यापेक्षा, घाण झाल्यावर घरात पहिलं वाक्य कोणतं उच्चारलं जातं, हे महत्त्वाचं. माझ्या सासूबाई वाड्यात दहा माणसांचं करायच्या. घरात दोन मांजरं, परसात गाय. कुणी ओकलं, कुणी भरलं, कुणी चिखलात पडून आलं, तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी पाणी घ्या, मग बोलणी." गंमत म्हणजे पाणी घेऊन होईपर्यंत बोलणी बहुधा विसरून जात. त्यामुळे त्या घरातली मुलं मारुतीच्या पाराखाली काय काय करून आलो ते सगळं आपण होऊन सांगायची. त्यांना लपवायचं कारणच पडत नसे.

मूल जर उलटीवरून, मळलेल्या चड्डीवरून, फुटलेल्या शेंबडावरून रोज बोलणी खात असेल, तर ते एक गोष्ट पक्की शिकतं. घाणेरडं काही झालं की लपवायचं. चड्डी लपवता लपवता एखाद्या दिवशी ते ओरखडाही लपवतं. चड्डी धुता येते.

म्हणून आज संध्याकाळी मुलं खेळून आली, की त्यांना जवळ घ्या, मळकी असली तरी. "आज कुठे लागलं का रे? कुणी चावलं का, ओरबाडलं का?" असं सहज विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. आणि ते काहीही आलं, तरी आवाज चढवू नका. सरळ उठा आणि नळ सोडा.