जुन्या घराची नवी मांडणी

सुगी आटोपली, हाती चार पैसे आले, की घराचं काम निघतं. थोरला म्हणतो, मधली भिंत पाडू, सोपा मोठा होईल. पण पहार लावण्याआधी तुळया कशावर टेकल्यात ते बघा. खांबांवर असतील तर जाणत्या सुताराला विचारून भिंत काढता येईल. भिंतीवरच टेकल्या असतील, तर तिला हात लावू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. गळतं म्हणून दरसाल वर मातीचा थर चढवतो आपण, तेही वजनच.

आता खोल्या. कागद राहू द्या. अंगणात राखेची फक्की ओढून खऱ्या मापानं आखा, आत बाज टाकून बघा. आणि घरातल्या बायकांना त्यात फिरू द्या. चूल, पाणी, मोरी यांच्यातल्या खेपा त्यांच्या पायांना ठाऊक, आपल्याला नाहीत. चुलीला धुराडं आणि समोरासमोर खिडक्या हव्यातच. गोठा माजघरापासून तोडा. नवं दार मात्र कोपऱ्याला चिकटवून काढू नका, दोन हात तरी भिंत सोडा.