ओळख हरवलेली तबकडी



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून संगणकाच्या बिघाडाविषयी व्याख्यान व्हावे, हे काही ज्येष्ठ सभासदांना विजोड वाटण्याचा संभव आहे. परंतु ग्रंथालयाचे कार्य दोन शब्दांत सांगावयाचे तर ते जतन आणि शोध हेच होय. ग्रंथ सांभाळून ठेवावयाचा आणि मागणाऱ्याच्या हाती तो देता यावा अशी त्याची नोंद ठेवावयाची. संगणकाची हार्ड डिस्क एके दिवशी ओळखेनाशी होते, तेव्हा या दोहोंपैकी काय बिघडले, ग्रंथ की नोंद, हाच पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर मिळण्यापूर्वी घाईने केलेला उपाय बहुधा मूळ दुखण्यापेक्षा घातक ठरतो.

उदाहरणासाठी सुरतेच्या नवागामकडे पाहावे. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून पोटासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची नवागाम-डिंडोली परिसरात मोठी वस्ती आहे. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती असा तेथील अनेकांचा दिनक्रम. सुरतेच्या कापडधंद्यात भरतकामाची यंत्रे संगणकावरील आराखड्यानुसार चालतात. साडीवरील नक्षी टाक्याटाक्याने संगणकावर उतरविण्याच्या कामाला बाजारात ‘पंचिंग’ म्हणतात. हे काम करणारा एखादा कारागीर डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या एका डिस्कवर काही वर्षांच्या नक्ष्या असतात, गिऱ्हाइकांचा हिशेब असतो, आणि त्याच कोपऱ्यात दिवंगत वडिलांची छायाचित्रे व गावाकडील लग्नाचे चित्रीकरणही असते. एका सकाळी संगणक चालू होतो, पण डिस्क दिसत नाही. किंवा ती दिसते आणि पडद्यावर प्रश्न येतो, ‘ही डिस्क फॉरमॅट करावयाची काय?’ त्या क्षणी ‘होय’वर बोट पडणे आणि न पडणे यांत कित्येक वर्षांच्या श्रमांचे अंतर असते.

ग्रंथालयाच्या सभासदाला हा प्रकार समजणे कठीण नाही. डिस्कच्या आरंभी विभागांची नोंद असते आणि प्रत्येक विभागात कोणती फाइल कोठे आहे याची सूची असते. वीज अचानक गेली, वायर मध्येच उपसली, विषाणूने घाला घातला, की ही सूची विस्कटते. कपाटांतील पुस्तके जागच्या जागी असतात, फक्त सूचीची कपाटिका उलथलेली असते. संगणकाला सूचीवाचून वाचता येत नाही, म्हणून तो ‘डिस्क रिकामी आहे’ असे समजतो. फॉरमॅट करणे म्हणजे कोरी सूची मांडणे. झटपट फॉरमॅटने चालत्या-फिरत्या डिस्कवरील मजकूर तत्काळ पुसला जात नाही, परंतु त्यानंतर जे जे नवे लिहिले जाईल ते जुन्या पुस्तकांच्या पानांवरच लिहिले जाते. पूर्ण फॉरमॅटने तर अलीकडच्या संगणकांत सारा मजकूरच पुसला जातो. म्हणून पहिला नियम असा, की ओळख हरवलेल्या डिस्कवर काहीही लिहू नये. दुरुस्तीच्या आज्ञाही लिहिण्याचेच काम करतात, त्यामुळे त्या अशा वेळी टाळाव्यात.

दुसरी पायरी बाहेरच्या भागांची. बाहेरून जोडावयाच्या डिस्कची वायर किंवा पेटीतील जोडणीची पट्टी पुष्कळदा बिघडलेली असते व आतली डिस्क निर्दोष असते. वायर बदलून, दुसऱ्या खाचेत, दुसऱ्या संगणकाला लावून पाहावे. संगणकाच्या प्राथमिक यादीत डिस्कचे नाव व खरी क्षमता दिसत असेल, तर दुखणे बहुधा सूचीचे असते. नाव दिसत नसेल, किंवा आतून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर दुखणे यंत्राचे समजावे आणि वीज तत्काळ बंद करावी. डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि वाचणारा शिरोभाग त्यांच्यावरून अवघ्या काही नॅनोमीटर अंतराने तरंगतो. मानवी केसाची जाडी याच्या हजारो पट असते. तो शिरोभाग तबकडीला घासू लागला, की प्रत्येक फेऱ्यात मजकूर खरवडून निघतो. असे यंत्र घरी उघडणे म्हणजे धुळीला आमंत्रण. शीतपेटीत ठेवण्याचा प्रचलित उपायही आतमध्ये दव धरवून नुकसान वाढवितो. हे काम धूळविरहित खोली असणाऱ्या तज्ज्ञांचेच.

सूचीचे दुखणे असेल, तर तिसरी पायरी नकलेची. मूळ डिस्कवर उपचार न करता तिची अक्षरशः जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या, तेवढ्याच वा मोठ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढील सर्व प्रयोग नकलेवर करावेत. ‘डीडीरेस्क्यू’ हा विनामूल्य कार्यक्रम याच हेतूने लिहिला गेला. तो आधी सहज वाचता येणारे भाग उचलतो, अडणारे भाग मागे ठेवतो आणि कोठपर्यंत आलो याची टिपण ठेवून नंतर त्यांच्याकडे परततो. ‘टेस्टडिस्क’ हरवलेल्या विभागांच्या खुणा शोधून सूची पुन्हा मांडतो. सूची अजिबात मिळत नसेल, तर ‘फोटोरेक’ प्रत्येक पान चाळून आरंभीच्या खुणांवरून छायाचित्र कोणते, दस्तऐवज कोणता, हे ओळखतो. मुखपृष्ठ गळालेले पुस्तक जुना ग्रंथपाल पहिल्या पानावरून ओळखतो, तशीच ही रीत. यात मूळ नावे आणि कप्पे बहुधा परत मिळत नाहीत. मजकूर येतो, पण त्याची मांडणी मालकालाच करावी लागते.

तबकडी किती चिवट असते, याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान परतीच्या वाटेवर नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा अंत झाला. अवशेषांत पुढे एक होरपळलेली हार्ड डिस्क सापडली. तिच्यावर झेनॉन वायूवरील प्रयोगाची निरीक्षणे होती. तज्ज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून त्यांतील सुमारे ९९ टक्के माहिती मिळविली आणि प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्याच यानातील इतर डिस्कवरून काहीच हाती आले नाही. यातून आशाही घ्यावी आणि सावधगिरीही.

सुरतेला पाण्याची भीती नवी नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला आलेल्या पुरात शहराचा मोठा भाग बुडाला होता. भिजलेली डिस्क चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. तिला उन्हात वा उष्ण हवेने वाळवू नये, कारण गाळ तबकडीवर घट्ट बसतो. ओलसर ठेवूनच, बंद पिशवीत, तज्ज्ञाकडे न्यावी. आजच्या चिपांवरील डिस्कची गोष्ट आणखी निराळी. त्यांत फिरणारी तबकडी नसते आणि पुसलेली माहिती डिस्क स्वतःच लवकर साफ करते. त्यामुळे चुकून पुसलेले परत मिळण्याची शक्यता फार थोडी उरते. डिस्कला सांकेतिक कुलूप लावलेले असेल आणि त्याची किल्ली जपलेली नसेल, तर तज्ज्ञही हात टेकतो.

या साऱ्याचा मथितार्थ एवढाच, की परत मिळविण्याची विद्या हा शेवटचा आधार आहे. खरे जतन एकाहून अधिक प्रतींत असते. हे सत्य सुरतेला जुन्या काळापासून ठाऊक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी येथे वखार घालणारे इंग्रज व्यापारी लंडनला जाणाऱ्या महत्त्वाच्या पत्रांच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवीत. एक जहाज बुडाले तरी मजकूर पोहोचावा, हा त्यामागील हेतू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड प्रसिद्ध केले. दप्तरांतील एकेका कागदाच्या शेकडो प्रती झाल्या, आणि मूळ कागदाला वाळवी लागली तरी मजकूर वाचकांपाशी राहील अशी सोय झाली. आजच्या भाषेत हाच नियम तीन-दोन-एक असा सांगितला जातो. प्रती तीन असाव्यात, दोन निराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी. नवागाममधील कारागिराची तिसरी प्रत नंदुरबारला वा धुळ्याला भावाच्या घरी राहिली, तर तापीचा पूर एकाच वेळी दोन्हीकडे पोहोचत नाही.

आणि प्रत घेणे म्हणजे ती उघडून पाहणे. वर्षातून एकदा प्रतीवरील दहा फायली उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत म्हणजे कुलूप लावून किल्ली हरवलेले कपाट.

ज्या ग्रंथालयाची ग्रंथनोंद, सभासद-यादी आणि दुर्मिळ पुस्तकांची छायाप्रत संगणकात आहे, त्यालाही हाच नियम लागू आहे. शंभर वर्षे ग्रंथ टिकले ते कोण्या एका कपाटाच्या बळावर नव्हे. वाळवी पाहणारे, बांधणी करणारे, नोंदवही नव्याने उतरवून काढणारे हात पिढ्यान्‌पिढ्या भेटले, म्हणून ते टिकले. तबकडीलाही तेच हात हवे आहेत. ग्रंथालयाच्या नव्या शतकाच्या आरंभी नोंदवहीची दुसरी प्रत दुसऱ्या गावी पोहोचली, तर शताब्दीच्या उत्सवाला याहून उचित समारोप दुसरा नसेल.