कायदा होण्याआधी वाचायला मिळावा



साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर होमिओपॅथीचा डॉक्टर कायद्याच्या कागदांवर का बोलतो, असे काहींना वाटेल. प्रश्न वाचनाचाच आहे, म्हणून इथे मांडतो.

२०१२ साली हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभे राहिले. अधिवेशनाच्या दिवसांत कोणता रस्ता बंद आणि कोणाचा मोर्चा कुठे, हे बेळगावात सर्वांना ठाऊक असते. आत कोणते विधेयक मांडले आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगू शकतो.

नोव्हेंबर २०१७ आठवा. खाजगी वैद्यकीय आस्थापना दुरुस्ती विधेयकाविरुद्ध राज्यभरातले डॉक्टर इथे जमले होते. शेवटी काही तरतुदी सौम्य होऊन विधेयक मंजूर झाले. डॉक्टरांच्या संघटना होत्या, वकील होते. त्यांनी मसुदा मिळवून वाचला. पण त्यात उपचारांचे दर, रुग्णांचे हक्क, तक्रार निवारण हेही विषय होते. ज्या रुग्णासाठी हे सारे होते, त्याच्या हाती कोणता कागद होता? बाकावर बसलेला रुग्ण मलाच विचारी, ‘डॉक्टर, त्यात आमच्यासाठी काय आहे हो?’

दुरुस्ती विधेयक एकटे वाचून उमगत नाही. ‘अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घालावेत’ एवढेच त्यात असते. म्हणून मूळ कायद्यातील कलमे, उद्देश व कारणांचे निवेदन, खर्चाचे निवेदन आणि चिकित्सा समितीचा अहवाल असे सगळे सोबत हवे, तेही मतदानापूर्वी. नंतर मिळालेला कागद म्हणजे रोगी गेल्यावर आलेला रिपोर्ट.

याला आधार नाही असे नाही. महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित माहिती आपणहून प्रसिद्ध करावी, आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असे केंद्राने २०१४ साली ठरवले. पण ते केंद्रीय मंत्रालयांपुरते. राज्यांनी तसाच नियम करावा, ही मागणी रास्त आहे.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. राज्यघटनेच्या ३५०व्या अनुच्छेदानुसार गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. म्हणजे मराठीतही. पण निवेदन लिहायला आधी मसुदा हाती हवा. भाषेच्या हक्कासाठी आपण दोन-तीन पिढ्या झगडलो. त्या भाषेत काय मागायचे, हेही कळायला हवे.

म्हणून संस्थेला एक विनंती. आपल्या वाचनालयात दिवाळी अंकांच्या शेजारी एक फाईल ठेवावी. प्रत्येक अधिवेशनातील दोन-तीन महत्त्वाची विधेयके आणि त्यांचा पानभर मराठी सारांश त्यात असावा. कन्नड उत्तम जाणणारी तरुण मुले आपल्या घरोघरी आहेत. हे काम ती आनंदाने करतील. मसुदा वेळेवर मिळाला नाही, तर तसे लेखी विचारावे. पहिला अर्ज लिहायला मी बसतो.