काका, मासे कुठायत?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीच्या ऑफिसात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवून आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्यापाशी मला एकच प्रश्न विचारला गेला : "काका, मासे कुठायत?" एका चिमुरडीने तर विचारलं, "आजोबा, तुम्ही दगड पाळलेत का?" आजच्या कार्यक्रमाला टाकीत मासे फिरताना दिसावेत अशी कमिटीची इच्छा होती. मी नाही म्हटलं. वर्गणी तुमची आहे, तेव्हा हिशेब देणं माझं काम. आयुष्यभर बँकेत तेच केलं.

आधी माझी चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी नातवाने 'निमो'चा सिनेमा पाहिला आणि तसाच केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा हवा म्हणून हट्ट धरला. शनिवारी टाकी भरली, सोमवारी क्लाउनफिशची जोडी आणून सोडली. नवव्या दिवशी दोन्ही मासे गेले. नातू म्हणाला, "पण आजोबा, पाणी तर स्वच्छ होतं ना?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी वाचायला लागलो.

पाणी दिसायला स्वच्छ होतं, पण त्यात अमोनिया होता. माशाच्या विष्ठेतून, श्वासातून, उरलेल्या खाण्यातून तो तयार होतो. समुद्रात तो पांगतो. साठ लिटरच्या टाकीत जाणार कुठे? त्यातून खाऱ्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.२ च्या आसपास असतो, आणि सामू जितका जास्त तितका अमोनिया जास्त विषारी. म्हणून गोड्या पाण्यात गप्पी मासे पाळलेला माणूस इथे हमखास फसतो. मीही त्यातलाच.

यावर उपाय निसर्गानेच केला आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी. हे जिवाणू दगडांवर, वाळूत वस्ती करतात आणि त्यांची वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत मासा नाही. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं. ते कुजून अमोनिया होतो, तेच जिवाणूंचं जेवण. चाचणीचं किट मिळतं. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य, असं सलग आठवडाभर दिसलं की मग मासा. तेव्हा त्या चिमुरडीचं बरोबर आहे. सध्या आपण दगडच पाळतो आहोत, म्हणजे दगडावरचे जिवाणू.

आता मिठाबद्दल. एका सभासदाने सुचवलं, "भाईंदरची मिठागरं एवढी जवळ, मग महागडं पाकीट कशाला?" प्रश्न चांगला आहे. पण मिठागरात पाणी आटतं तेव्हा खाली बसतं ते मुख्यतः आपलं जेवणातलं मीठ. मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचे क्षार मागे राहिलेल्या कडवट पाण्यात जातात. माशांना ते सगळे योग्य प्रमाणात लागतात, म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेलंच मीठ घ्यावं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे साठ लिटरला दोन किलोच्या जरा वर. वेगळ्या बादलीत, छोटा पंप लावून, रात्रभर विरघळू द्यायचं. हायड्रोमीटरवर १.०२५ दिसलं पाहिजे. उत्तनहून समुद्राचं पाणी भरून आणायचा विचारही करू नका. आपला किनारा खाडीच्या तोंडाशी. पावसाळ्यात खारेपणा उतरतो, सांडपाणी मिसळतं ते वेगळंच.

मीठ मिसळायला नळाचं किंवा टँकरचं पाणी नको, आरओचं घ्या. आरओमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, संडासाला वापरा. मीरा रोडला पाण्याची किंमत मी सांगायला नको.

एक गोष्ट सगळे विसरतात. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोजची पातळी भरताना साधं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही. खारं घालत गेलात तर मीठ चक्रवाढ व्याजासारखं चढत जातं. खारं पाणी फक्त आठवड्याच्या बदलीला, दहा टक्के काढून दहा टक्के घालायचं.

तापमान २५ ते २७ अंश हवं. आपल्याकडे मे महिन्यात हीटरपेक्षा पंखाच जास्त कामाचा. पाण्यावर वारा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हवा. साठ लिटरची टाकी दगड-वाळूसकट नव्वद किलोच्या आसपास जाते, म्हणून भिंतीलगत, सपाट, मजबूत स्टँडवर. खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध चांगले राहतात.

आमच्या पिढीने समुद्री मासे काचेआड पाहिले ते मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते १९५१ साली सुरू झालं. तिथल्या मोठ्या टाक्या पाहून वाटायचं, आपली छोटी म्हणजे सोपी. उलट आहे. मोठ्या पाण्यात चूक पचते, छोट्यात लगेच अंगाशी येते. म्हणून आपल्या टाकीत क्लाउनफिशची एकच जोडी, दोन-चार गोगलगायी, बस्स. सिनेमातली निळी 'डोरी' फूटभर वाढते, तिला ही टाकी म्हणजे तुरुंग.

तुरुंगावरून आठवलं. तळमजल्यावरच्या भाभींनी मला विचारलं, "काका, जीव कोंडायचाच कशाला?" मला राग आला नाही, कारण प्रश्न खरा आहे. माझं उत्तर अर्धंच आहे. क्लाउनफिशची पैदास आता बंदिस्त पाण्यात होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ते तंत्र बसवलं आहे. आपण तसेच, हॅचरीत जन्मलेले मासे घेऊ. समुद्रातून पकडलेले घेणार नाही. प्रवाळ आणि समुद्रघोडे तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. कोणी विकत असेल तरी हात लावायचा नाही. उरलेलं अर्धं उत्तर भाभी, मासे नीट जगले तरच देता येईल.

कालची चाचणी सांगतो. अमोनिया चढून उतरायला लागलाय, नायट्राइट नुकतं दिसू लागलंय. म्हणजे गाडी रुळावर आहे. अजून निदान महिना. तोवर रोज पातळी बघायला आणि वहीत आकडे लिहायला मला चार मुलं हवीत. नातू आता कॉलेजात आहे, पहिलं नाव त्याने दिलंय. मासे कधी आणायचे हे मी ठरवणार नाही, सेक्रेटरीसाहेबही नाहीत. वही ठरवेल.

सोसायटीच्या पंचविशीला शुभेच्छा.